सरकत्या छपराची वेधशाळा: माणदेशातल्या परसातून

आधी निकाल सांगते. घराच्या परसात कायमची दुर्बीण बसवायची असेल, तर घुमटाच्या मागे लागू नका. गावातल्या गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून सरकत्या छपराची खोली करून घ्या. आमची खोली सातारा जिल्ह्यात दहिवडीजवळ आहे, दहा बाय दहा फुटांची. उन्हाळा, वळीव आणि पावसाळा, तिन्ही तिने सोसून झालेत. मी तिला पाचपैकी साडेचार गुण देते.

घुमटाची चौकशी मी केली होती. फायबरचा तयार घुमट दिसतो देखणा, वारा अडवतो, दव कमी पडतं, आजूबाजूचा उजेडही आत येत नाही. हे फायदे खरे आहेत. पण एका पुरवठादाराने आयातीसह सांगितलेल्या आकड्यात माझी दुर्बीण, माउंट (दुर्बीण पेलून फिरवणारी बैठक) आणि अख्खी खोली बसली असती. शिवाय घुमटाची मोटर अडकली तर माण तालुक्यात दुरुस्तीला कोण येणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आणखी एक गोष्ट माझ्यासाठी महत्त्वाची होती. घुमटाच्या फटीतून आभाळाचा एक पट्टाच दिसतो. माझ्याकडे शाळेतली मुलं येतात. त्यांना आधी डोळ्यांनी मृग, रोहिणी, कृत्तिका ओळखता याव्यात आणि मग दुर्बिणीला डोळा लावावा, असं मला वाटतं. छप्पर सरकलं की अख्खं आभाळ त्यांच्या डोक्यावर असतं.

आता मुख्य मुद्दा. इंटरनेटवर सरकत्या छपराचे जे नकाशे मिळतात, ते बहुतेक अमेरिकेतले नाहीतर इंग्लंडमधले. त्यांत छप्पर उत्तरेकडे सरकवायला सांगतात. तिकडे ते बरोबरच आहे, कारण लंडनमधून ध्रुवतारा क्षितिजापासून ५१ अंशांवर दिसतो आणि छप्पर त्याच्या कितीतरी खाली राहतं. आपल्याकडे ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो. दहिवडीत साडेसतरा-अठरा अंश, पुण्यात साडेअठरा. छप्पर उत्तरेला ढकललं की तो सरळ छपराआड जातो आणि माउंट ध्रुवाशी जुळवायचा, म्हणजे त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, सोपा मार्गच बंद होतो. दक्षिणेला ढकलावं, तर आपल्या आभाळाचा सगळ्यात मोलाचा भाग झाकला जातो. म्हणून आपल्यासाठी पूर्व किंवा पश्चिम. ज्या बाजूला गावाचा उजेड असेल, ती बाजू छपराला द्या. आमच्या पश्चिमेला चौकातले एलईडी दिवे आहेत, त्यामुळे छप्पर तिकडे जातं आणि दिवेही झाकतं.

दक्षिणेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यासाठीच मी भिंतींची उंची फूटपट्टी घेऊन ठरवली. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही. आमच्याकडे तो मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेला २५ अंशांपर्यंत चढतो. त्याच्या खाली त्रिशंकूचे तारे, ९ ते १५ अंशांच्या दरम्यान. हे सगळं हवं असेल तर दक्षिणेची भिंत बुटकी पाहिजे. आम्ही रूळ जमिनीपासून पाच फुटांवर घेतले आणि दुर्बिणीचा अक्ष पावणेपाच फुटांवर. खोलीच्या मधोमध दुर्बिणीचा खांब आहे, म्हणजे भिंत त्याच्यापासून पाच फुटांवर. त्यामुळे नळीची जाडी धरूनही सात-आठ अंशांच्या वरचं आभाळ मोकळं मिळतं. त्याच्या खाली तसंही धूळ आणि धुरकटच असतं.

खर्चात हात आखडता घ्यायचा असेल तर छपरात घ्या, खांबात नको. दुर्बिणीचा खांब हा वेधशाळेचा जीव आहे. आमच्या इथे दोन फुटांखाली कडक मुरूम लागतो. चार फूट खोल, तीन फूट चौरस खड्डा घेऊन सळईसकट काँक्रीट भरलं आणि वर आठ इंची लोखंडी पाइप उभा केला. पाइपमध्ये कोरडी वाळू भरली, त्याने कंपन लवकर मरतं. माथ्यावर जाड प्लेट. आणि खोलीची फरशी खांबाला कुठेही चिकटू दिली नाही, चारी बाजूंनी इंचभर फट ठेवली. गवंडी दोनदा ती फट बुजवायला निघाला होता. त्या फटीमुळेच गुरूवर १६० पट वर्धन लावलेलं असताना शेजारून कुणी पाय आपटत गेलं, तरी गुरूचे पट्टे हलत नाहीत. नळीला बोटाने टिचकी मारली की चित्र थरथरतं आणि दोन सेकंदांत स्थिर होतं. गच्चीवर ही स्थिरता मिळणं अवघड. इमारत हलते, आणि दिवसभर तापलेला स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत गरम हवा सोडत राहतो, त्याने ग्रहांच्या कडा उकळल्यासारख्या दिसतात.

छपराचं काम ज्यांनी केलं, त्यांनी जन्मात वेधशाळा पाहिली नव्हती. माझा कागद बघून म्हणाले, “ताई, गेट जमिनीवर पळतं, हे भिंतीवर पळणार, एवढंच ना?” एवढंच होतं. सरकत्या गेटची बेअरिंगची चाकं आणि उलटा घातलेला अँगल, त्यावर व्ही खाचेचं चाक धावतं. एक गोष्ट मात्र मी आग्रहाने करून घेतली. व्ही खाचेची चाकं फक्त उत्तरेच्या रुळावर, दक्षिणेला सपाट पट्टी आणि सपाट चाकं. दोन्हीकडे खाच ठेवली तर वेल्डिंगमधला जरासा फरक किंवा उन्हात लोखंडाचं वाढणं एवढ्यानेही छप्पर अडकतं. आमचं छप्पर मी एकटी एका हाताने ढकलते. रूळ खोलीबाहेर आणखी दहा फूट जातात, खाली चार खांब.

वर साधा पत्रा न घालता पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) घातलं. महाग पडलं, पण पत्रा दुपारी आतली हवा भट्टी करतो आणि थंडीत पहाटे त्याच्या आतल्या बाजूला दव धरून थेंब दुर्बिणीवर पडतात. छप्पर हलकं असलं की वाऱ्याला उचलणं सोपं. त्यामुळे चारी कोपऱ्यांना टर्नबकल (पीळ देऊन आवळायचे स्क्रू) लागतातच. एप्रिल-मेमधली वावटळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बांधकाम, छप्पर, रूळ, वायरिंग आणि मजुरी धरून पावणेदोन लाखांच्या आसपास गेले, दुर्बीण सोडून.

दुर्बीण सेलेस्ट्रॉनची आठ इंच व्यासाची श्मिट-कॅसेग्रेन (आरसा आणि भिंग दोन्ही असलेली) आहे, नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर. माउंट स्काय-वॉचरचा एचईक्यू-५ प्रो. नळी आखूड असल्यामुळे दहा फुटांच्या खोलीत चारी दिशांना फिरते, भिंतीला लागत नाही. त्याच व्यासाच्या न्यूटोनियनची (फक्त आरशांच्या दुर्बिणीची) नळी मीटरभर लांब असते आणि नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, कधी बाजूला, कधी डोक्यावर जाते, मुलांना शिडी लागते. खांबाचा आणखी एक फायदा इथे कळतो. आपल्या कमी अक्षांशावर माउंटचा अक्ष बराच आडवा होतो आणि वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागू शकतो. अरुंद खांबावर तो प्रश्न येत नाही. एकदा ध्रुवाशी जुळवलं की पुन्हा हात लावावा लागत नाही. छप्पर सरकव, वीज चालू कर, एका ताऱ्यावर नेम धर आणि बघायला लाग. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून आल्यावर, रात्री साडेनऊला जड सामान अंगणात मांडायचं त्राण नसतं. खोली झाल्यापासून मी आठवड्याच्या मधल्या दिवशीही आभाळ बघते, आणि हीच या खोलीची खरी किंमत आहे.

२५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून ओमेगा सेंटॉरी ८१ पट दिसतो. कडेपासून कडेपर्यंत तारेच तारे, मध्ये दाटी आणि बाहेर विरळ होत गेलेले. साधारण १७ हजार प्रकाशवर्षं दूर. सासूबाईंनी तो पाहिला आणि उठायलाच तयार होईनात.

आता कापलेला अर्धा गुण. छप्पर आणि पश्चिमेची भिंत यांच्यामधल्या फटीतून पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत आलं. रबराची पट्टी आणि वरून पत्र्याची पन्हळ लावल्यावर थांबलं. धूळ मात्र अजून येते, फेब्रुवारीनंतर रोज दुर्बिणीवर कापडी खोळ घालावीच लागते. दार बुटकं आहे, वाकून आत जावं लागतं. गांधीलमाश्या रुळाच्या कोपऱ्यात पोळी करतात, तेव्हा दिवसाउजेडी एक नजर टाकल्याशिवाय छपराला हात लावू नये.

पावसाळ्यात दुर्बीण खोलीत ठेवत नाही. जूनमध्ये नळी काढून घरात हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवते, दसऱ्याच्या आसपास परत बसवते. माणसारख्या पर्जन्यछायेतही काचेवर बुरशी धरते, कोकणात तर विचारूच नका. वळवाच्या दिवसांत काम संपलं की वायर प्लगमधून उपटून ठेवायची आणि छपराला अर्थिंग द्यायचं.

ज्यांनी अजून दुर्बिणीतून शनी पाहिला नाही, त्यांनी मात्र फॅब्रिकेटरला फोन करू नये. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रीचे कार्यक्रम असतात. तिथे चार वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावा. मग आठ इंची डॉबसोनियन (जमिनीवरच्या साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्या आणि एक पूर्ण हिवाळा अंगणात काढा. जानेवारीच्या थंडीतही पाय बाहेर पडत असतील, आणि परसातून दक्षिण क्षितिज मोकळं दिसत असेल, तर खड्डा खणायला हरकत नाही. खड्ड्याआधी एवढं करा: अमावास्येच्या रात्री ठरलेल्या जागी उभं राहून शेजाऱ्यांचे दिवे कुठून डोळ्यांत येतात ते बघा, आणि दक्षिणेला आंबा किंवा नारळ लावायचा कुणाचा बेत आहे का, ते आत्ताच विचारून घ्या.