वेराक्रिप्ट आणि इरेजर: ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात दीड वर्ष वापरून

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, झेरॉक्स, पीक विमा, पीएम किसान, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड सगळं करतो. म्हणजे दिवसभर लोकांचे आधार, सातबारा, पासबुकचं पहिलं पान माझ्याच कॉम्प्युटरवर येऊन पडतं, अर्धं तर व्हॉट्सअॅपवरून येतं आणि डाउनलोड्समध्ये साचत जातं. हे कागद कायमचे पुसायला इरेजर आणि पासवर्डच्या कुलपात ठेवायला वेराक्रिप्ट, ही दोन सॉफ्टवेअर मी कशी वापरतो ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी दुकानातला जुना कॉम्प्युटर एका ओळखीच्या पोराला विकला. सगळं डिलीट केलं, रिसायकल बिन रिकामी केली, वरून क्विक फॉरमॅट मारला, मला वाटलं झालं. तीन महिन्यांनी तो पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला, म्हणे दादा माझे फोटो उडाले होते म्हणून रेकुवा (डिलीट झालेल्या फाइल परत काढायचं सॉफ्टवेअर) चालवलं तर हे निघालं. उघडून बघितलं तर पहिलीच फाइल एका आजीच्या अर्जाचा स्कॅन, खाली निळ्या शाईचा अंगठा, रेषा न् रेषा दिसत होती. पोरगा चांगला म्हणून परत आणून दिलं. त्या रात्री मला झोप नाही लागली, खरंच सांगतो.

डिलीट म्हणजे काय होतं ते तेव्हा नीट समजून घेतलं. रजिस्टरमधून नाव खोडलं म्हणून शेत कुठे जात नाही ना, तसंच आहे, फाइलची फक्त नोंद निघते आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो.

मग आधी इरेजर टाकलं. फुकट आहे, विंडोजवर चालतं, फाइलवर राइट क्लिक केलं की इरेज येतं आणि ते त्या जागेवर रँडम डेटा लिहून मगच फाइल काढतं. मला सगळ्यात कामाचं वाटलं ते शेड्युल, रोज रात्री आठला डाउनलोड्सचं फोल्डर आपोआप पुसलं जातं, मी विसरलो तरी. यादीत 35 पासची, म्हणजे त्याच जागेवर 35 वेळा लिहायची, गुटमन नावाच्या तज्ज्ञाची पद्धत आहे, सुरुवातीला मी जास्त म्हणजे चांगलं समजून तीच लावायचो आणि मशीन रात्रभर घरघरत बसायचं. ती पद्धत 1996 च्या पेपरमधली, तेव्हाच्या हार्डडिस्कसाठी, आणि आताच्या डिस्कला सगळे 35 लागत नाहीत हे गुटमन यांनी स्वतःच नंतर लिहिलंय. एक पास मारा, पुरे.

पण हे सगळं जुन्या फिरत्या हार्डडिस्कचं झालं. नवीन मशीनमध्ये एसएसडी असते, म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, आणि तिथे इरेजरवर विसंबू नका. एसएसडी झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतल्या आत जागा बदलत राहते, तुम्ही त्याच फाइलवर लिहिताय असं वाटतं पण ती लिहिते दुसऱ्याच जागी आणि जुनी कॉपी मागे राहू शकते. त्यामुळे उघडी फाइल डिस्कवर जाऊच द्यायची नाही, पहिल्यापासून कुलपातच ठेवायची, यावर मी आलो आणि वेराक्रिप्ट घेतलं.

हे पण फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो. याच कामाचं आधीचं सॉफ्टवेअर ट्रूक्रिप्ट 2014 मध्ये बंद पडलं, त्याच्याच कोडवरून 2013 पासून हे वेगळं चालू झालं होतं. 2016 मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी ऑडिट करून चुका काढल्या आणि बऱ्याचशा लगेच दुरुस्त झाल्या, हे मला जास्त भरवशाचं वाटतं. तुम्ही एक कंटेनर फाइल बनवता, मी 20 जीबीची केली, पासवर्ड टाकून माउंट केली, म्हणजे उघडली, की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, डिसमाउंट केली, म्हणजे बंद केली, की वाचता न येणारा नुसता कचरा. बनवताना माउस खिडकीत वेडावाकडा फिरवत बसायचं, खालची पट्टी लालची हिरवी होईपर्यंत, ते हाताच्या हालचालीतून रँडमपणा गोळा करतं. घाई करू नका तिथे. आणि फाइलसिस्टीम (ड्राइव्हवर फाइल मांडून ठेवायची पद्धत) एनटीएफएस निवडा, फॅटमध्ये 4 जीबीच्या वरची फाइल बसत नाही. आता स्कॅनरचं फोल्डर आणि ब्राउझरचं डाउनलोड दोन्ही मी थेट त्याच ड्राइव्हवर वळवलंय.

पासवर्ड 20 अक्षरांपेक्षा छोटा असला की ते टोकतं. मी आईच्या तोंडची एक अहिराणी ओळ इंग्रजी अक्षरात घेतली, लक्षात राहते आणि कोणत्या डिक्शनरीत सापडायची नाही. विसरलात तर मात्र कोणीच उघडून देऊ शकत नाही, कंपनी नाही, कोणी नाही, म्हणून कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवलाय. व्हॉल्यूम हेडरचा, म्हणजे कंटेनर उघडायची किल्ली ज्यात असते त्या भागाचा, बॅकअप पण काढा, तो भाग खराब झाला तर बरोबर पासवर्ड टाकूनही उघडत नाही.

त्रास एकच झाला. मे महिन्यात लाईट सारखी जाते, एकदा कंटेनर उघडा असतानाच गेली आणि नंतर एक फोल्डर उघडेना. टूलमध्येच रिपेअर फाइलसिस्टीम आहे त्याने सुधरलं, पण तेव्हापासून यूपीएस घेतला आणि दर शनिवारी कंटेनरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर. दहा मिनिटं कंटेनरमध्ये काही वाचलं-लिहिलं गेलं नाही तर आपोआप डिसमाउंट व्हायचं सेटिंग पण चालू ठेवा, गर्दीत आपण मशीन सोडून झेरॉक्सकडे जातोच.

विंडोजचं स्वतःचं डिस्कचं कुलूप म्हणजे बिटलॉकर, ते का नाही म्हणाल तर माझ्याकडे विंडोज होम आहे, त्यात पूर्ण बिटलॉकर मिळत नाही. प्रो असेल तर जरूर लावा.

आता गिऱ्हाईकाला विचारतो, कागद ठेवू का पुसू. एक आबा दर हंगामाला येतात, "मना सातबारा तुनाकडे शे ना?" म्हणून विचारतात, त्यांचा ठेवलाय कंटेनरमध्ये. बाकीच्यांचे काम झालं की त्याच दिवशी काढतो. जुनी हार्डडिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर आधी पूर्ण पुसा, इरेजर टाकायचं नसेल तर विंडोजचं स्वतःचं सायफर आहे, आधी सगळ्या फाइल डिलीट करा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये सायफर, स्लॅश डब्ल्यू, कोलन आणि ड्राइव्हचं अक्षर टाकलं की रिकाम्या जागेवर तीनदा लिहितं. वेळ खातं, दुकान बंद करताना लावून जा.