सरकारी कार्यालय की मंगल कार्यालय?

रजिस्टर लग्न म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जिना, बाकड्यावर ताटकळलेली दोन-तीन जोडपी आणि हार नेमके कुणाच्या पिशवीत राहिले याची शोधाशोध. लग्न कचेरीतच लागलं पाहिजे, असं मात्र कायदा म्हणत नाही. विशेष विवाह कायदा, 1954 च्या कलम 12 नुसार जादा शुल्क भरून विवाह अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागी बोलावता येतं. हॉल, घर, अंगण, कुठेही.

लग्न करणार असल्याची विवाह अधिकाऱ्याला द्यायची नोटीस, तिच्यावरच्या हरकतींसाठी 30 दिवस, तीन साक्षीदार हे कचेरीत काय नि हॉलवर काय, सारखंच. फरक पडतो तो त्या दिवशी.

माझ्या मावसभावाचं लग्न कचेरीत लागलं. सह्या, अंगठे, फोटो, शपथ, सगळं दहा मिनिटांत आटपलं. खोली एवढीशी, त्यामुळे मावशी दारातच अडकली. तिला मुलाची फक्त पाठ दिसली. "जरा मोठ्यानं म्हणा," एवढं कारकुनाचं वाक्य तेवढं तिला ऐकू आलं. खर्च जवळजवळ शून्य, हे खरंच. आणि चार माणसांतच उरकायचं असेल, तर याहून सुटसुटीत काही नाही.

हॉलवर तीच शपथ आजीलाही ऐकू जाते. शिवाय कलम 12 लग्नाची पद्धत तुमच्यावर सोडतं: मंगलाष्टकं म्हणा, फुलं उधळा, नाहीतर काहीच करू नका. फक्त अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं, दोघांना समजेल अशा भाषेत, बोलून दाखवायचं. इंग्लंडमध्ये 1995 पासून मंजुरी मिळालेल्या हॉटेलांत आणि वाड्यांत नागरी लग्नं होतात, पण तिथे समारंभात धार्मिक विधी चालत नाहीत. या बाबतीत आपला कायदा बराच मोकळा.

अडचण होते ती तारखेची. लग्न नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लागावं लागतं, नाहीतर नोटीस पुन्हा द्यायची. त्यातले पहिले 30 दिवस हरकतींचे, म्हणजे हाती उरतात दोनच महिने. चांगला हॉल मात्र कितीतरी आधी धरावा लागतो. तेव्हा हॉलचा ॲडव्हान्स देण्याआधी विवाह अधिकाऱ्याला भेटा: त्या दिवशी, त्या वेळी येणार का, आणि हॉल त्यांच्या हद्दीत बसतो का? पुण्यात नोटीस देऊन कोकणातल्या रिसॉर्टवर त्यांना बोलवायचं डोक्यात असेल, तर ते विसरा.

आता माझं मत. सप्तपदी किंवा तुमच्या रूढीचे विधी होणारच असतील, तर अधिकाऱ्याला हॉलवर बोलावू नका. विधी उरका आणि महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याखाली नोंदणी करून घ्या. मात्र विधी वगळून नुसतं ते प्रमाणपत्र काढायच्या फंदात पडू नका. विधी झालेच नसतील, तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. विधी नको असतील किंवा दोघांचे धर्म वेगळे असतील, तर शपथ हाच तुमचा मुहूर्त. मग तो पाहुण्यांसमोर, हॉलवरच लागू दे. जादा शुल्क वसूल होतं. साक्षीदारांची ओळखपत्रं तेवढी हारांच्या पिशवीत टाकू नका.