आधी कोणतं वाचाल: गोम्ब्रोव्हिच की हॉफमन?

व्हितोल्द गोम्ब्रोव्हिच आणि ईव्हा हॉफमन हे पोलंडमध्ये जन्मलेले दोन लेखक. दोघंही पोलंडच्या गदिन्या बंदरातून बोटीनं निघाले, वीस वर्षांच्या अंतरानं. गोम्ब्रोव्हिच १९३९ मध्ये 'ख्रोब्री'वरून ब्यूनोस आयरेसला गेले. थोड्या दिवसांचाच बेत होता. पण पोचून पंधरवडाही झाला नाही तोच युद्ध पेटलं आणि मुक्काम १९६३ पर्यंत लांबला. हॉफमन १९५९ मध्ये 'बातोरी'वर चढल्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. क्राकूवचं ज्यू कुटुंब कॅनडात कायमचं राहायला निघालं होतं. पोरीला कुणी विचारलं नव्हतं.

भाषा बदलताना माणसाचं काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर हॉफमनचं 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' (१९८९) आधी घ्या. मुळातच इंग्रजीत लिहिलेलं, सरळ वाचत जावं असं आत्मकथन. नव्या शाळेत एव्हाची ईव्हा होते, धाकट्या बहिणीची, अलीनाची, इलेन, आणि स्वतःलाच नीट उच्चारता न येणारी नावं घेऊन दोघी बाकांकडे परततात. पोलिशमध्ये 'नदी' म्हटलं की पाणी वाहायचं. इंग्रजीतला शब्द कोरडाठाक. मराठी शाळेतून एकदम इंग्रजी वर्गात जाऊन बसलेल्यांना ही पानं वाचताना गलबलून येईल. मला आलं. शेवटचा, अमेरिकेतला भाग मात्र जरा जास्तच विश्लेषण करतो.

गोम्ब्रोव्हिच आयुष्यभर पोलिशमध्येच लिहीत राहिले. त्यांचं भांडण भाषेशी नव्हतं, देशाच्या नावानं गळ्यात पडणाऱ्या ओझ्याशी होतं. 'त्रान्स-अतलांतिक' (१९५३) या कादंबरीत परदेशातले पोलिश लोक एकमेकांवर देशभक्तीचा पहारा ठेवतात. तिथला वकिलातीचा प्रमुख निवेदकाला थोर प्रतिभावंत म्हणून मिरवतो, कारण पोलंडची शान वाढायला हवी! पितृभूमीसमोर इथे एक शब्द उभा राहतो, त्याला मराठीत 'पुत्रभूमी' म्हणता येईल. परदेशातल्या मंडळांत वावरलेल्यांना हे घरचंच वाटेल. अडचण शैलीची आहे. सतराव्या शतकातल्या पोलिश सरदारी गप्पांच्या ढंगात सगळं लिहिलंय, जणू आजच्या लेखकानं बखरीच्या मराठीत ब्यूनोस आयरेसची गोष्ट सांगावी. इंग्रजी अनुवादात त्यातलं बरंच निसटतं. म्हणून त्यांच्याकडे वळायचं तर आधी 'रोजनिशी' घ्या. पॅरिसच्या 'कुलतुरा' या पोलिश मासिकातून ती १९५३ पासून येत राहिली.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासित छावणीमुळे (१९४३-४८) या विषयाकडे आला असाल, तर ती माणसं या दोन्ही लेखकांत शोधू नका. ती सोव्हिएत हद्दपारीतून वाचून कोल्हापूरला पोचली होती. या दोघांना कुणी हद्दपार केलं नव्हतं. त्या हकिगतींसाठी छावणीतल्या लोकांच्या आठवणीच वाचाव्या लागतील.

तरीही निवड होत नसेल तर दोन वह्या शेजारी ठेवून पाहा. 'रोजनिशी'च्या सुरुवातीला सोमवार ते गुरुवार, चारही दिवसांच्या नोंदींत एकच शब्द आहे: 'मी'. तिकडे व्हँकूवरमध्ये शाळकरी एव्हाला वाढदिवसाला कुलूपकिल्लीची वही मिळते. ती इंग्रजीत लिहायला बसते आणि 'मी' हा शब्द काही केल्या उतरत नाही. स्वतःबद्दल लिहितानाही ती 'तू' लिहिते. यातलं जे तुम्हाला आतून ओळखीचं वाटेल, ते पुस्तक आधी घ्या. माझ्यासाठी ती वही एव्हाची होती.