सिमेंटचा पत्रा: नजरेने ओळखावा की प्रयोगशाळेत तपासावा?

जुन्या चाळीवरचा किंवा कारखान्याच्या शेडवरचा करडा, नागमोडी सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा (म्हणजे श्वासावाटे आत गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू असलेला) आहे का, हे बघून सांगता येतं? थोडंफार. आधी शिक्का शोधा. ‘आयएस ४५९’ हा भारतीय मानकाचा क्रमांक दिसला तर पत्रा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा धरून चाला, कारण ते मानकच त्या पत्र्यांचं आहे. पण काही पावसाळ्यांत शिक्का पुसला जातो, वर शेवाळ चढतं, आणि मग ॲस्बेस्टॉस नसलेला फायबर सिमेंटचा पत्राही अगदी तसाच दिसतो. तुटक्या कडेला तंतू दिसले तरी ते सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींपासूनचे, असू शकतात. ब्रिटनमध्ये १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली, त्यामुळे तिथे बांधकामाचं वर्ष बरंच काही सांगतं. आपल्याकडे क्रिसोटाइलचे, म्हणजे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे, पत्रे अजूनही विकले जातात. पत्रा नवा आहे एवढ्यावरून निर्धास्त होऊ नका.

प्रयोगशाळेत तुकडा ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि तंतू कोणता ते कळतं. वेळ जातो, पैसे लागतात. तरी पत्रे उतरवायचे किंवा कापायचे असतील तर मी हाच मार्ग धरेन. नमुना मात्र जाणकारानेच, पत्रा ओला करून घ्यावा. निकाल येईपर्यंत त्यावर ड्रिल चालवू नका, खाली पडलेला भुगा कोरड्या झाडूने लोटू नका.