मेल्क की ग्योटवाइग? वाखाऊतला एकच मठ पाहायचा असेल तर

व्हिएन्नाहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचे दोन मोठे मठ डॅन्यूबकाठच्या वाखाऊ खोऱ्यात आहेत. खोऱ्याच्या वरच्या टोकाला मेल्क, खालच्या टोकाला क्रेम्स शहरासमोरच्या डोंगरावर ग्योटवाइग. २००० साली जागतिक वारसा ठरलेल्या प्रदेशात दोन्ही येतात आणि दोन्हीकडे मठवासी आजही राहतात. एकाच दिवशी दोन्ही उरकायचा मोह टाळा; दोन्हीकडची बाग हातची जाते.

बाग आणि वास्तू दोन्ही हवं असेल तर मेल्कच. १०८९ मध्ये बेनेडिक्टाइन इथे आले. आजची पिवळी, बरोक या भव्य, अलंकृत शैलीतली वास्तू मात्र १७०२ नंतरची, याकोब प्रांडटाउअरने उभारलेली. संगमरवरी दालनात दारांच्या चौकटी तेवढ्या खऱ्या संगमरवराच्या, भिंती रंगीत गिलाव्याच्या. छत जवळपास सपाट आहे, पण दालनाच्या मध्यभागी उभं राहून वर पाहा: रंगवलेले खांब सरळ उभे राहतात आणि छत उंच उचललेलं भासतं. चार पावलं बाजूला सरकलात की तेच खांब कलंडतात. ग्रंथालयात सुमारे एक लाख ग्रंथ आहेत, पण पाहायला मिळतो त्यातला थोडाच भाग. आत फोटो काढू देत नाहीत.

इथे बहुतेकांचं एक चुकतं. चर्च पाहून झालं की लोक थेट गावात उतरतात, आणि मठाच्या तिकिटातच येणारी बाग राहून जाते. बागेतला मंडप १७४७-४८चा. त्याच्या भिंतींवर योहान बेर्गल याने १७६३-६४ मध्ये दूरदेशीची झाडं, पक्षी आणि माणसं रंगवली. युरोपच्या कल्पनेतलं ते परदेश आपल्याकडच्या डोळ्यांनी फार निराळं दिसतं, त्यासाठी अर्धा तास जरूर ठेवा. मागच्या जुन्या लिंडेन वृक्षांच्या रांगेत गर्दी क्वचितच पोचते. जहाजांवरून येणारे गट मुख्य दालनांत दाटतात आणि वाट अरुंद असल्याने रांग सरकत नाही. तसं झालं तर आधी बाग, मग दालनं असा क्रम उलटा करा. हिवाळ्यात बाग बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत मेल्कचा अर्धा आनंद कमी होतो.

ग्योटवाइगचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. पासाऊचे बिशप आल्टमान यांनी १०८३ मध्ये स्थापलेला हा मठ १०९४ पासून बेनेडिक्टाइनांकडे आहे. १७१८च्या आगीनंतर वास्तुकार हिल्डेब्रांटने भव्य आराखडा केला, पण तो कधीच पुरा झाला नाही. जे झालं त्यातला शाही जिना पाहण्यासारखा: छतावर पाउल ट्रोगरने १७३९ मध्ये सम्राट सहाव्या कार्लला सूर्यदेव अपोलोच्या रूपात रंगवलं आहे. आखीव बागेच्या अपेक्षेने गेलात तर निराशा होईल. इथे पाहायच्या त्या जर्दाळूच्या बागा, द्राक्षमळे आणि गच्चीवरून दिसणारं क्रेम्सपर्यंतचं खोरं.

जर्दाळूचा बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत, तोही थंडीप्रमाणे पुढेमागे होतो, फळं जुलैत. म्हणजे मे महिन्याच्या सुटीत येणाऱ्यांना फुलंही नाहीत, फळंही नाहीत. मे असेल तर निःशंक मेल्क निवडा. जुलैत आलात तर या भागात ताज्या जर्दाळूचे उकडलेले गोळे खा. अख्ख्या फळाची बी काढून तिथे साखरेचा खडा, वरून पिठाचं आवरण, आणि उकडून झाल्यावर लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलेले. उकडीच्या मोदकासारखंच, आवरण फाटलं की सारण पाण्यात.

जाण्याचं म्हणाल, तर मेल्क फारच सोपं. व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफहून रेल्वेने सुमारे सव्वा तास (काही गाड्यांना सांक्ट प्योल्टेनला बदल), मग स्थानकापासून पंधरा मिनिटांची चढती वाट. ग्योटवाइगसाठी क्रेम्सहून छोट्या रेल्वेगाडीने पायथ्याच्या फुर्टला उतरायचं, आणि पुढे दोनशे मीटरहून अधिक उंचीचा चढ पायी तासाभराचा. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर क्रेम्सहूनच टॅक्सी करा आणि परतीची वेळही तिथेच ठरवून घ्या, वर टॅक्सी उभी सापडेल या भरवशावर राहू नका.

जहाजाचा बेत असेल तर सकाळी रेल्वेने मेल्क, दुपारी जहाजाने क्रेम्स. प्रवाहाबरोबर पावणेदोन तास लागतात. उलट दिशेने निघालात तर प्रवाहाविरुद्ध जवळपास तीन तास जातात आणि मेल्कला पोचेपर्यंत मठाची वेळ संपत आलेली असते. क्रेम्सच्या अलीकडे उजव्या हाताला डोंगरमाथ्यावर जी लांबलचक इमारत दिसते, तेच ग्योटवाइग.