मांजर मोकळं सोडायचं, घरात ठेवायचं की जाळीत?

‘आमचं मांजर काही मारत नाही,’ असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. जॉर्जिया विद्यापीठाच्या अभ्यासात पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे अडकवले होते. त्यात दिसलं, की शिकारीपैकी जेमतेम २३ टक्के घरी येते. उरलेली बाहेरच खाल्ली किंवा टाकली जाते. उपाशी ठेवलेलं मांजरच मारतं असंही नाही. पोट भरलेलं असलं तरी काही हललं की ते दबा धरतंच.

मोकळं सोडण्यात मांजराची मजा आणि आपली सोय, दोन्ही आहे. पण बहुतेक पाळीव मांजरं घरापासून १०० मीटरच्या आतच फिरतात, त्यामुळे सगळा मार तेवढ्याच जागेतल्या पाली, सरडे, पक्षी, खारींवर पडतो. वाहनं आणि बोक्यांची भांडणं वेगळीच.

घंटीचा पट्टा हा मधला मार्ग वाटतो, पण ती निव्वळ आपल्या मनाची समजूत. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात घंटीचा ठळक परिणाम दिसलाच नाही. घरट्यातून नुकतंच उतरलेलं, धड उडता न येणारं पिल्लू घंटी ऐकून जाणार तरी कुठे? त्याच अभ्यासात पट्ट्यावरच्या भडक रंगाच्या कापडी झालरीने घरी आणलेले पक्षी ४२ टक्क्यांनी घटले. भरपूर मांस असलेल्या, धान्यविरहित खाद्याने एकूण आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी, तर रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने २५ टक्क्यांनी कमी झाली. अर्थात हे आकडेही घरी आलेल्या शिकारीचेच.

घरात ठेवलं की बाहेरची शिकार थांबते, हे उघड आहे. मात्र कंटाळलेलं मांजर सोफा फाडतं, लठ्ठ होतं. उंच फळ्या, नखं घासायला खांब, दोरीला पीस बांधून रोजचा खेळ, एवढं करायची तयारी हवी.

जागा असेल तर मी जाळीबंद बाल्कनी किंवा अंगणातला पिंजरा निवडेन. ऊन, वारा, वास सगळं मिळतं. फक्त वरूनही जाळी हवी, कारण उघड्या माथ्यावरून मांजर सहज निसटतं.

लहान पिल्लू आणत असाल तर पहिल्या दिवसापासून घरातच ठेवा. न पाहिलेल्या बाहेरचा हट्ट ते सहसा धरत नाही. बाहेर रुळलेल्या मोठ्या मांजराला एकदम कोंडलं तर रात्रभर दार खरवडेल. त्याच्यासाठी झालर, खाद्य आणि खेळ सुरू करा, आणि पक्ष्यांची पिल्लं घरट्याबाहेर पडायच्या दिवसांत दार बंदच ठेवा.