युरिया-डीएपी ब्रिकेट: फुटवे किती, यापेक्षा केव्हा

रायगड जिल्ह्यातील आमच्या खाचरांत गेले तीन खरीप हंगाम मी भाताला युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे युरिया आणि डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) ही खते एकत्र दाबून केलेली गोळी, वापरत आहे. चारसूत्री (चार सूत्रे पाळून करायच्या) भात लागवडीतील या 2.7 ग्रॅमच्या गोळीची ओळख 'फुटवे (रोपाच्या बुडातून येणारी बाजूची खोडे) भरपूर येतात' एवढ्यावरच आटोपली जाते, आणि तिचा खरा गुण त्यात झाकला जातो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

चुडात (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यात) फुटवे वाढले की उत्पन्न वाढते, हे अर्धेच खरे आहे. मुख्य खोडाला पाचवे पान येते त्या सुमारास दुसऱ्या पानाच्या बगलेतून फुटवा बाहेर पडतो आणि पुढे पानागणिक हा क्रम वर सरकत जातो. लवकर आलेल्या फुटव्याला स्वतःची पाने आणि मुळे धरायला अवधी मिळतो, त्यामुळे त्याची लोंबी मुख्य खोडाच्या मागोमाग निसवते (बाहेर पडते) व भरते. पिकाच्या पोटात लोंबी धरू लागेपर्यंत ज्या फुटव्याला तीन-चार पानेही झालेली नसतात, तो मात्र दुसऱ्याच्या अन्नावर जगतो. एक तर तो सुकून जातो, नाही तर उशिरा निसवून आखूड आणि पळींजाची (पोकळ दाण्यांची) लोंबी देतो. कापणीच्या वेळी अशा शेतात अर्धे दाणे पिकून गळू लागलेले आणि अर्धे हिरवे असतात, व भरडताना कणी जास्त पडते.

पूर्वी आम्ही युरिया खाचरात वरून हाताने फोकून (विखरून) देत होतो. कोकणातल्या पावसात त्यातला बराचसा वाहून जाई, पीक पिवळे दिसे, म्हणून पुन्हा हात सैल सोडला जाई आणि नेमके नको तेव्हा नवे फुटवे येत. ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचली जाते. त्या हवाबंद चिखलात नत्र टिकून राहते आणि सावकाश मुळांपर्यंत पोहोचते. आमच्या शेतात एकूण फुटव्यांत फार मोठा फरक पडला नाही, परंतु लोंबी धरणारे फुटवे निश्चित वाढले आणि संपूर्ण खाचर एकाच वेळी कापणीला आले. मला हा लाभ वजनातल्या वाढीइतकाच मोलाचा वाटतो.

कष्ट मात्र लपवण्यासारखे नाहीत. दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरच्या खुणा करून जोडओळ लावणी केल्याशिवाय गोळीला जागाच सापडत नाही, आणि गुंठ्याला 625 गोळ्या वाकून हाताने खोचाव्या लागतात. दुसऱ्या वर्षी एका दुकानातून आणलेले पोते ओल धरून भुगा झालेले निघाले. अशा भुग्याची खोचणी होत नाही, त्यामुळे पोते उघडून पाहिल्याखेरीज घेऊ नये. पाणी झिरपणाऱ्या हलक्या, रेताड जमिनीसाठी मी ब्रिकेट सुचवणार नाही.

रोप दाढीतच (रोपवाटिकेतच) जून झाले असेल, तर खालच्या पेरांचे फुटवे दाटीत आधीच दबलेले असतात आणि ते कोणतेही खत परत आणत नाही. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खोचलेली गोळीसुद्धा उशिराच्या फुटव्यांनाच पोसते, हे मी पहिल्या वर्षी एका खाचरात पाहिले. आता कोवळे रोप लावून त्याच संध्याकाळी, खाचरात दोन-तीन सेंटिमीटर पाणी ठेवून, आम्ही खोचणी संपवतो.